तुम्ही विचारलंत म्हणून: चोर बांधून घालावा का?

एप्रिल लागला की देवगडात कोर्टाबाहेर चहा पिताना कुणीतरी विचारतंच, "वकिलानूं, बागेत चोर गावलो तर बांधून घालूचो काय नाय?"

अटी पाळून पकडायला हरकत नाही. बांधायचं म्हणाल, तर माझ्या एका अशिलाचं ऐका. त्याने रात्री एका पोराला आंब्याच्या कलमाला बांधलं, क्रेट आवळायच्या नायलॉनच्या दोरीने. सोडला दुसऱ्या दिवशी दुपारी. आंबेचोरी राहिली बाजूला, डांबून ठेवल्याचा खटला अशिलावरच उभा राहिला.

बचाव मी घेतला तो तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ४३ चा. साध्या माणसालाही अटक करता येते, पण गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा, दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्रही (जामीन हक्काने मिळत नाही असा) हवा, आणि आरोपी विनाकारण उशीर न करता पोलिसांच्या हवाली व्हायला हवा. राखणदार आमचाच साक्षीदार. सरकारी वकिलांनी त्याला दोनच प्रश्न विचारले. चोरी कोणी पाहिली? "मी बघलंय. मालक मागसून इले." पोलिसांना फोन कधी? "सकाळी, पेज खाल्ल्यावर."

मी फाईल मिटली. पुढे त्या पोराशी तडजोड झाली म्हणून अशील सुटला, माझ्या युक्तिवादाने नव्हे.

१ जुलै २०२४ पासून हेच कलम जुन्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४० व्या क्रमांकावर आलंय, आणि विनाकारण उशीर नकोच, पण त्याला आता वरची हद्दही आहे: सहा तासांच्या आत. पोलीस पाटलाला जरूर उठवा, पण त्याच्या ओसरीवर हे घड्याळ थांबत नाही.

खरी मेख याच नव्या संहितेच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पाच हजारांच्या आतल्या मालाची साधी चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र धरली आहे, तिच्यासाठी साध्या माणसाला अटक करता येत नाही. मेअखेरीस दर पडले की दोन क्रेट आंबे कसेबसे तेवढ्याचे होतात. म्हणजे चोराचा हात धरण्याआधी वाशीच्या बाजाराचा भाव विचारायचा? घर फोडून शिरलेल्याची गोष्ट वेगळी, तो गुन्हा मालाच्या किमतीवर ठरत नाही.

"मगे करूचा काय?" ११२ ला फोन. फोनवर वेळेची नोंद राहते, कोर्टात ती साक्षीदारापेक्षा बरी बोलते.

त्या अशिलाच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, भिंतीवर आता कोळशाने ११२ लिहिलंय. दोरी मात्र खुंटीला आहेच.