चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी: अंथरूण, गार पट्टी आणि मिश्री

फेसलिफ्ट (चेहऱ्याची सैल कातडी उचलून बसवणं), पापण्यांची किंवा नाकाची शस्त्रक्रिया करून घरी आलात की पहिलं काम अंथरुणाचं. डोक्याखाली दोन-तीन उशा रचल्या की झालं, असं घरच्यांना वाटतं. पण त्याने नुसती मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि गळ्या-जबड्याकडची सूज उतरायला वेळ लागतो. उतार कमरेपासून हवा, ३० ते ४५ अंशांचा. गादीच्या उशाकडच्या बाजूखाली दुसरी गादी दुमडून सरकवा. झोपेत कूस बदलू नये म्हणून दोन सोलापुरी चादरींच्या घट्ट वळकट्या करा आणि डोक्याच्या दोन्ही अंगांना ठेवा. जाड सुती चादर वजनदार असते, सहसा रात्रभर हलत नाही. निदान आठवडाभर असंच उताणं झोपायचं.

सोलापूरहून पुण्याला जाऊन शस्त्रक्रिया केली असेल तर परतीची घाई नको. फेसलिफ्टनंतर कातडीखाली रक्त साठण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वात जास्त असतो, आणि ते अडीचशे किलोमीटरच्या वाटेत झालं तर हाताशी कुणी नसतं. जखमेत साठणारं रक्त बाहेर काढणारी ड्रेनची नळी निघू दे, पहिली तपासणी होऊ दे, डॉक्टर जा म्हणू देत. परतताना आडवा बर्थ नको, खुर्चीची गाडी घ्या.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते. सकाळी डोळे उघडत नाहीत, ओळखीचा चेहरा आरशात दिसत नाही, रडू येतं. हे सगळं अपेक्षित आहे. जांभळे डाग हिरवट, मग पिवळे होत मानेवर उतरतात, कारण साकळलेलं रक्त खाली ओघळतं. दोन आठवड्यांत ते बहुतेक जातात. घरच्यांनी पाहत राहायचं ते एकच: दोन्ही बाजू साधारण सारख्या आहेत का? एकच गाल अचानक टणक होऊन ठणकू लागला, किंवा पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर एकच डोळा बाहेर आल्यासारखा होऊन अंधुक दिसू लागलं, तर पहाटेचे तीन वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करा आणि दवाखान्यात निघा. डोळ्यामागे रक्त साठलं तर नजर काही तासांत कायमची जाऊ शकते. ताप १०१ फॅरनहाइटच्या वर जाणं, जखमेतून पू येणं, दम लागणं किंवा पोटरी दुखून सुजणं, यातलं काही दिसलं तरी थांबायचं नाही.

गार पट्टी पहिले ४८ तास, जागेपणी दर तासाला १० ते १५ मिनिटं. इथे टर्किश टॉवेल वापरू नका. सोलापूरच्या घरात तोच आधी हाताला येतो, पण त्याचे फासे टाक्यांच्या दोऱ्यात अडकतात. जुनी धुतलेली मलमल घ्या, बर्फाच्या पाण्यात बुडवून पिळा आणि हलकी ठेवा. बर्फ थेट लावायचा नाही. फेसलिफ्टमध्ये कानापुढची कातडी बधिर असते, गारठ्याने ती करपली तरी कळत नाही. तिथे पट्टी ठेवायची की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. शेकायचंही नाही, आणि हेअर ड्रायर गरम हवेवर नको, कारण तेच.

टाके पुसायला साठवणीच्या टाकीतलं पाणी नको. मेडिकलमधून नॉर्मल सलाइनची, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याची बाटली आणा, उघडली की दुसऱ्या दिवशी टाकून द्या. इअरबड सलाइनमध्ये भिजवून टाक्यांवर फिरवत न्यायचा, घासायचा नाही. मग डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम, अगदी पातळ. हळद, खोबरेल, कोरफड काहीही नको.

आता मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेली तंबाखू. निकोटिनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि फेसलिफ्टमध्ये उचलून बसवलेली कातडी त्यांच्याच भरवशावर जगते. कानामागचा भाग आधी काळसर पडतो, मग मरतो. मिश्री, तंबाखू, विडी, सिगारेट, सगळं निदान चार आठवडे आधीपासून आणि चार आठवडे नंतर बंद. अनेक घरांत सासूबाई मिश्रीला तंबाखू मानतच नाहीत, म्हणून हे स्पष्ट सांगावं लागतं.

दुखलं की लिहून दिलेलीच गोळी घ्या. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल सर्दीच्या गोळ्यांतही असतं, तेही मोजा: २४ तासांत एकूण ४ ग्रॅमच्या आत. बीपीची गोळी चुकवू नका, दाब वाढला की आतली शीर पुन्हा वाहू लागते. म्हणूनच भरलेली बादली उचलणं, खाली वाकून फरशी पुसणं आणि शौचाला जोर करणं दोन आठवडे टाळायचं. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी पोट जड होतं, तेव्हा पाणी भरपूर प्या, गरज पडली तर डॉक्टरांकडून सौम्य रेचक घ्या.

कडक भाकरी पहिला आठवडा नकोच, चावताना जबडा आणि टाके दोन्ही ताणले जातात. आमटीत चुरून पूर्ण मऊ झाली तर चालेल, पण आमटी फार गरम नको. शेंगा चटणी, पापड, लोणचं यांतलं मीठ सूज धरून ठेवतं, तेव्हा तेही कमी.

नाकाच्या शस्त्रक्रियेत नाकावर बसवलेली आधाराची पट्टी साधारण सातव्या दिवशी निघते. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. चष्मा चार ते सहा आठवडे नाकावर टेकवायचा नाही. दांडीला दोरा बांधून कपाळाला चिकटपट्टीने लटकवता येतो. पापण्यांचे टाके पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात. उन्हाळ्यात कूलरचा झोत तोंडावर घेऊ नका, डोळे कोरडे पडून टोचतात.

उन्हात निघताना सैल सुती ओढणी घ्या. गाडीवर बांधतात तसा स्कार्फ आवळला की नाक आणि कान दाबले जातात, हेल्मेटनेही तेच होतं. म्हणून डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुचाकी नको. जखम पूर्ण मिटल्यावर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन रोज लावा, पुढचं वर्षभर. कोवळा व्रण उन्हाने काळा पडतो आणि मग तो डाग सहज जात नाही.