सावध राहायचं ते फक्त आजोबांनीच का?

२०२५ च्या पहिल्या सहामाहीत कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन. सायबर भामट्यांपासून सावध राहा वगैरे. लोक एवढे वैतागले की विचारू नका, मीम्स काय आले, तक्रारी काय झाल्या, शेवटी जूनमध्ये ती कॉलर ट्यून बंद झाली एकदाची. मला ती वेगळ्याच कारणासाठी खटकायची. सावध कोणी राहायचं, तर पंचाहत्तरीच्या आजोबांनी. ज्या बँकेतून पैसे जातात, ज्या बँकेत ते जाऊन पडतात, ज्या कंपनीच्या सिमवरून फोन येतो, ज्या ॲपवर तो खोटा फौजदार व्हिडिओत दिसतो, त्यांना कोण ट्यून ऐकवणार?

मी बँकेतून रिटायर झालेय आणि डोंबिवलीत आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर सध्या लोकांना या फसवणुकीबद्दल सांगायचाच उद्योग करते, त्यामुळे डिजिटल अरेस्टचे, म्हणजे व्हिडिओ कॉलवर खोटी अटक दाखवून पैसे उकळण्याचे, किस्से कानावर येतच असतात. साचा ठरलेला. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, किंवा तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून मनी लाँडरिंग झालंय, मग कॉल ‘मुंबई क्राइम ब्रांच’ला ट्रान्सफर, मग व्हिडिओवर गणवेश, मागे पोलिसांचा बोर्ड, आणि मग हुकूम सुटतात, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाशी बोलायचं नाही, गुप्त तपास आहे, मुलांना सांगितलंत तर त्यांनाही आत घेऊ. हे शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. ज्या माणसाने आयुष्यभर पोलीस स्टेशनची पायरी चढली नाही, मुलगा पुण्याला आणि मुलगी न्यू जर्सीला, त्याला स्वतःपेक्षा मुलांची भीती जास्त वाटते हो.

आणि हे फक्त भोळ्याभाबड्यांना होतं असं कुणी म्हणालं की मी वर्धमान ग्रुपच्या एस. पी. ओसवालांचं नाव घेते. ऑगस्ट २०२४, वय ८२, एवढा मोठा उद्योगपती, आणि त्यांच्यासमोर स्काइपवर चक्क खोटं सुप्रीम कोर्ट भरवलं, खोटे सरन्यायाधीश बसवले आणि ७ कोटी रुपये काढून घेतले. तक्रार झाल्यावर त्यातले सव्वापाच कोटी अडवता आले, ही त्या प्रकरणातली कमी सांगितली जाणारी गोष्ट. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचं काही नाहीच, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये सांगितलं, आणि पुढे जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही बजावलं की पोलिसांनी हजर राहायची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही. सगळं बरोबर. पण घाबरलेला माणूस त्या क्षणी मन की बात आठवत बसत नाही.

तो बँकेत येतो. आणि इथे मला माझ्या जुन्या ब्रांचमधला किस्सा सांगायचाय, त्या मुलीची नोकरी अजून तिथेच आहे म्हणून नावगाव काही सांगत नाही. एक काका एफडी मोडायला आले. एक नाही, सगळ्या. शर्टाच्या खिशात मोबाइल, कॅमेऱ्याचं तोंड बाहेर. काउंटरवरच्या मुलीने सहज विचारलं, काका एवढे पैसे कशाला, तर म्हणाले मुलीच्या लग्नाला, आणि हिला माहीत की काकांची नात कॉलेजात आहे, कारण तिचं खातं हिनेच उघडलं होतं. तिने आरटीजीएसचा फॉर्म उलटा केला, मागे लिहिलं, ‘कोणी धमकावतंय का? नुसती मान हलवा’, आणि तो कॅमेऱ्यात येणार नाही असा सरकवला. काकांनी मान बिन काही हलवली नाही. उलट चिडले, माझे पैसे आहेत, तुम्ही कोण विचारणार. मग तिने आमच्या बँकवाल्यांचं ब्रह्मास्त्र काढलं, मोठ्या आवाजात म्हणाली, काका सर्व्हर डाऊन आहे, बसा जरा. ज्या वाक्यासाठी आम्ही आयुष्यभर शिव्या खाल्ल्या ते वाक्य असं कामाला येईल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं! मॅनेजरने त्यांना सही जुळत नाही म्हणून केबिनमध्ये नेलं, मोबाइल बाहेर ठेवायला लावला, पाणी दिलं, आणि मग काका जे रडायला लागले ते थांबेचनात. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन मॅनेजरने स्वतः लावला.

पैसे वाचले. पण यात सिस्टिम कुठे होती? मुलगी हुशार होती, ग्राहक ओळखीचा होता, गर्दी कमी होती, इतकंच. तेच काका मोबाइल ॲपवरून ट्रान्सफर करणारे असते तर त्यांना कोण म्हणणार होतं सर्व्हर डाऊन आहे?

एकदा पैसे गेले की पुढे काय होतं ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते एका खात्यात थांबत नाहीत. पहिल्या खात्यातून पाच-दहा खात्यांत, तिथून आणखी पुढे, काही एटीएममधून निघतात, काही क्रिप्टोत जातात, हे सगळं तासाभरात सुद्धा उरकतं. ही मधली खाती खऱ्या माणसांची असतात, कुणी कॉलेजचा पोरगा चार पैशांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम भाड्याने देतो, त्यालाच म्यूल खातं म्हणतात. पूर्वी काय व्हायचं, माणूस पोलीस स्टेशनला जायचा, हद्द कोणाची यावर अर्धा दिवस, मग पोलीस बँकेला पत्र देणार, ते पत्र नोडल ऑफिसरकडे जाणार, तो म्हणणार पैसे दुसऱ्या बँकेत गेलेत, त्यांना लिहा. वरातीमागून घोडं. २०२१ मध्ये केंद्राने हेल्पलाइन काढली, तेव्हा नंबर १५५२६० होता, नंतर १९३० झाला, आणि तिच्यामागे बँका आणि पोलिसांना जोडणारी एकच यंत्रणा उभी केली. तुम्ही फोन करून ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, सांगितला की तक्रार थेट त्या बँकेच्या स्क्रीनवर जाते, पैसे असतील तर तिथेच होल्ड लागतो, पुढे गेले असतील तर तक्रार पुढच्या बँकेकडे सरकते. म्हणजे पैसा पळतो त्याच वाटेने तक्रार पळते. सप्टेंबर २०२४ मध्ये याच्याही पुढे जाऊन दिल्लीत गृहखात्याच्या आय४सी या सायबर गुन्ह्यांचं बघणाऱ्या विभागात एक केंद्र सुरू झालं, तिथे बँका, टेलिकॉम, आयटी कंपन्या आणि पोलीस यांची माणसं एकत्र बसून काम करतात. सिंगापूरवाले २०१९ पासून त्यांच्या अँटी-स्कॅम सेंटरमधून बँकांना हाताशी धरून हेच करतायत. आपण उशिरा का होईना पण शहाणे झालो.

तरी २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले, हा संसदेत दिलेला आकडा आहे, आदल्या वर्षी ७,४६५ कोटी होते. तिप्पट! एका वर्षात लोक तिप्पट बावळट झाले असं तर नाही ना?

वरून नुसती एक गोष्ट दुरुस्त केली की काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण टेलिकॉमचं. हे भामटे परदेशातून फोन करायचे पण तुमच्या स्क्रीनवर नंबर +९१ चा दिसायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार खात्याने आणि कंपन्यांनी मिळून असे कॉल वाटेतच अडवणारी यंत्रणा सुरू केली आणि पहिल्या २४ तासांत १.३५ कोटी कॉल अडकले. यातल्या एकाही आजोबांना सावध राहावं लागलं नाही. अर्थात चोर काय हात बांधून बसत नाहीत, ते व्हॉट्सॲपवर होतेच, तिकडचीही ८३ हजारांच्या वर खाती फेब्रुवारी २०२५ पर्यंत बंद केली. पण खातं बंद करणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. पोलिसांचा लोगो डीपीला लावून अनोळखी नंबरवरून वयस्कर माणसाला तासन् तास व्हिडिओ कॉल चालू आहे, त्यावर ॲपने स्क्रीनवर एक मोठी लाल पट्टी दाखवली तर काय बिघडेल, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

आता बँकवाल्यांनी राग मानू नये, मी तुमच्यातलीच आहे, पण खरं दुखणं म्यूल खात्यांचं आहे आणि ती खाती आपणच उघडतो. कॅम्प लावायचा, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, महिनाअखेरीचं टार्गेट पुरं. मग ज्या खात्यात कधी दोन हजार नव्हते तिथे एका दुपारी चाळीस लाख येतात आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. का उंचावतील? नुकसान त्या बँकेचं होतच नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये परिपत्रक काढलं, तुमच्या नकळत कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत तर तुमची जबाबदारी शून्य. पण डिजिटल अरेस्टमध्ये फॉर्मवर सही तुमची, ओटीपी तुमचा, म्हणजे व्यवहार ‘तुम्ही केला’. कानशिलावर बंदूक ठेवून सही घेतली तर ती आपण सही मानत नाही, इथे मात्र मानतो.

ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम केला की ग्राहकाला फसवून त्याच्याच हाताने पैसे पाठवायला लावले तरी ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई द्यायची, आणि त्यातला निम्मा भार पैसे ज्या बँकेत गेले तिने उचलायचा. हा निम्मा फार महत्त्वाचा आहे, कारण मग म्यूल खातं उघडणाऱ्या बँकेच्या खिशाला चाट बसते. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जो कायदा केला त्यात बँका, टेलिकॉम आणि सोशल मीडियावाले तिघांनाही एकाच दावणीला बांधायची सोय आहे. आपल्याकडे अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याच्या पत्रावरून ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, १ डिसेंबरला देशभरातला तपास सीबीआयकडे दिला आणि रिझर्व्ह बँकेला विचारलं की अशी संशयास्पद खाती मशीनने ओळखून का थांबवत नाही. कोर्टाला विचारावं लागलं हेच फार बोलकं आहे.

याची दुसरी बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. होल्ड लावताना कधी कधी अख्खं खातं गोठवतात. आमच्या इथल्या एका डेअरीवाल्याला कुणीतरी यूपीआयने दूध-पनीरचे पैसे दिले, ते पैसे म्हणे कुठल्याशा फ्रॉडच्या साखळीतले, आणि परराज्यातल्या पोलिसांच्या सांगण्यावरून त्याचं सगळं खातं बंद. बँक म्हणते पोलिसांना विचारा, ते पोलीस फोन उचलत नाहीत. वादातली रक्कम तेवढी अडवा ना, धंद्याचे पैसे का अडवता? एका गरीब माणसाला वाचवताना दुसऱ्याला बुडवायचं आणि वर त्याला दादही कुठे मागता येऊ नये, हे काही बरोबर नाही.

आमच्या कट्ट्यावर आम्ही एक केलं, जवळच्या ब्रांचचे मॅनेजर, पोलीस ठाण्यातले सायबरचं बघणारे साहेब आणि कोपऱ्यावरचा मोबाइल रिचार्जवाला, तिघांना एकत्र बोलावलं. रिचार्जवाल्याला कशाला असं काहींना वाटलं, पण म्हातारी माणसं फोनमधलं काहीही अडलं की आधी त्याच्याकडेच जातात. साहेबांनी त्याला सांगितलं, कुणी घाबरलेलं माणूस चालू व्हिडिओ कॉल घेऊन आलं तर सरळ कट कर आणि १९३० लाव, पुढचं मी बघतो. मॅनेजर म्हणाले, मोठी एफडी मोडायला आलात तर आम्ही आधी मुलाला फोन करू. तर एक आजी उसळल्याच, ‘माझ्या पैशाला मुलाला फोन? त्याला कळलं तर उरलेलेही जातील!’ सगळे हसले, पण आजींचं काही चुकीचं नव्हतं, सगळे चोर काही परदेशातून फोन करत नाहीत. मग ठरलं की नाव ज्याचं त्याने द्यायचं, मुलगाच हवा असं नाही. आजींनी त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणीचं दिलं.

आता मॅनेजर म्हणतात की असा रकाना बँकेच्या फॉर्ममध्ये नाही, हेड ऑफिसला मेल केलाय. हेड ऑफिसचं उत्तर कधी येतं ते मला चांगलं माहितीये, म्हणून नावांची यादी मी हाताने लिहून त्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवून आलेय, आणि एक झेरॉक्स काउंटरवरच्या मुलीकडे.