सराफ्यात माईक घेऊन उभं राहिलं की

मी रस्त्यावरच्या लोकांना प्रश्न विचारून त्याचे छोटे व्हिडिओ यूट्यूबवर टाकते, त्यामुळे मला हमखास विचारलं जातं की अनोळखी लोकांशी बोलायला भीती नाही का वाटत. खरंच नाही वाटत, कारण हे इंदूर आहे, इथे कोणाला पत्ता विचारला तर तो आधी पोहे कुठे खायचे ते सांगतो आणि मग पत्ता. बोलणारी माणसं मिळणं हा प्रॉब्लेमच नाहीये. प्रॉब्लेम घरी आल्यावर सुरू होतो, रात्री दीड वाजता, जेव्हा तासाभराच्या फुटेजमधून चाळीस-पन्नास सेकंद ठेवायचे असतात आणि बाकीचं उडवायचं असतं.

पण आधी उभं कुठे राहायचं ते. राजवाड्यासमोर दुपारी गेलात तर कोणी थांबणार नाही, हातात पिशव्या, पोरं ओढतायत, ऑटोवाला हॉर्न मारतोय. तेच रात्री सराफ्यात जा. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात, आणि तिथला प्रत्येक माणूस कशाची तरी वाट बघत उभा असतो, गराडू (एक कंद, तुकडे करून तळतात) तळून व्हायची, भुट्ट्याच्या कीसाची, जिलबीची. ज्याला पाच मिनिटं काढायचीच आहेत तो बोलतो. माझं अर्धं चॅनल गराडूच्या कढईसमोर शूट झालंय असं म्हटलं तरी चालेल.

आवाजाचं मात्र डोकं खातं. लोकांना वाटतं चांगला कॅमेरा पाहिजे, अरे फोन पुरतो! माईक पाहिजे, तो छोटा वायरलेस, वर केसाळ टोपी असलेला, आणि तो समोरच्याच्या तोंडाजवळ धरायचा, आपल्या नाही. आणि बाजूच्या दुकानात स्पीकरवर सिनेमाचं गाणं चालू असेल तर तिथून हला, नाहीतर अपलोड केल्या केल्या कॉपीराइटचा क्लेम येतो, मग कितीही भारी माणूस मिळालेला असो.

आता खरी गोष्ट. प्रश्नाचं उत्तर क्वचितच कामाचं असतं. "आपका पहला वेतन कितना था" विचारलं की आकडा येतो, बस. कामाचं येतं ते नंतर, म्हणजे तुम्ही "थँक्यू अंकल" म्हणून माईक थोडा खाली केलात की. म्हणून मावसभावाला (कॅमेरा तोच धरतो) सांगून ठेवलंय की मी थँक्यू म्हटलं तरी रेकॉर्डिंग बंद करायचं नाही, आणि त्यातलं काही वापरायचं असेल तर मी तिथल्या तिथे दाखवून विचारते.

एकदा असंच एका जोडप्याला हिंदीत विचारत होते, लग्नानंतर एकत्र केलेली पहिली मोठी खरेदी कुठली. काका अगदी इंटरव्ह्यू द्यायच्या पोझमध्ये, "देखिए, उस जमाने में..." आणि काकू हळूच त्यांना म्हणाल्या, "अहो, त्याला म्हणावं जीरावन कमी टाक." (जीरावन म्हणजे इथला वरून भुरभुरायचा मसाला.) मी लगेच मराठीत आले. काकूंचा चेहराच बदलला. "अय्या, तुम्ही आपल्यातल्या का? राहता कुठे?" रामबागेत म्हटलं. "रामबागेत कोणाच्या?" झालं, पुढचा इंटरव्ह्यू माझाच. आडनाव, आजोळ, शिक्षण, मग "आणि हे काय रात्रीचं माईक घेऊन फिरणं, आईला चालतं?" तेवढ्यात गराडू आला, काकूंनी पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला, गरम होता, मी किंचाळले, मावसभाऊ हसून हसून फ्रेम हलवतोय. पहिल्या खरेदीचं उत्तर (स्कूटर, हप्त्यावर) मी कापून टाकलं. बाकी दोघांना विचारून तसंच ठेवलं, आणि तो व्हिडिओ आजही शेअर होतो.

याच्या बरोबर उलटा प्रकार जास्त चालतो, ते मला माहितीये. लोकांना सोपे प्रश्न विचारायचे आणि चुकलेले तेवढे दाखवायचे. हे काही रील्सनी आणलेलं नाही, अमेरिकेत जे लेनो नावाचा शो-होस्ट टीव्हीवर वर्षानुवर्षं हेच करायचा. पण करणं किती सोपं आहे ते बघा. आम्ही राजवाड्यावर विचारलं होतं, लता मंगेशकरांचा जन्म कुठे झाला. 28 सप्टेंबर 1929, आपल्या इंदुरातच, आणि बहुतेकांना माहिती होतं, एका भियाने तर सिख मोहल्ला म्हणून गल्लीच सांगितली. दोन-तीन जण मुंबई म्हणाले. आता ते दोन-तीनच एकामागे एक जोडले, वर एक हसण्याचा आवाज टाकला, की "इंदूरवालों को ये भी नहीं पता" तयार! कमेंट्सचा पाऊस. मावसभावाने तसा कट करूनही दाखवला, आणि खरं सांगू, चांगला झाला होता. मी नाही टाकला. मुंबई म्हणणाऱ्यांपैकी एक माणूस दिवसभर हातगाडीवर कंगवे विकून दमलेला होता, त्याला लाखभर लोकांसमोर गाढव ठरवून मला काय मिळणार? आम्ही सिख मोहल्लावाला टाकला. कमी चालला. चालू दे.

याउलट न्यूयॉर्कच्या ब्रँडन स्टँटनचं बघा, 'ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क'वाला फोटोग्राफर. 2010 मध्ये निघाला तो शहरातल्या दहा हजार लोकांचे फोटो काढायला, गोष्टी विचारणं नंतर सुरू झालं, आणि लोक थांबून वाचतात ते त्या गोष्टींसाठी.

पैशाचं पण सांगते कारण नातेवाईक थेट तिथेच येतात. यूट्यूब शॉर्ट्सवर (म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंवर) जाहिरातीचा वाटा 1 फेब्रुवारी 2023 पासून मिळायला लागला, त्यासाठी 1000 सबस्क्रायबर आणि 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज लागतात (किंवा मोठ्या व्हिडिओंचे वर्षात 4000 तास), आणि क्रिएटरच्या नावे जी रक्कम निघते तिचे 45 टक्के हातात येतात. ऐकायला छान वाटतं. माझ्या आत्याला वाटतं मी आता फ्लॅट घेणार. आत्या, सध्या माईकचे पैसे निघालेत.

लहान मुलांना विचारत नाही, आईवडील बाजूला असले तरी नाही. आणि प्यायलेल्या माणसाला तर अजिबात नाही, कितीही मजेशीर बोलत असला तरी, सकाळी त्याच्या घरचे बघणार असतात.

आता रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक) येतेय आणि आमचं भांडण चालू आहे. मावसभाऊ म्हणतो राजवाड्यावर एवढी पब्लिक, माईक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेऊ. मी म्हणते वरून टँकरने रंगाचं पाणी मारतात तिथे तुझी पिशवी काय करणार, आणि डीजेसमोर बोलणार कोण. तो म्हणतो बोलायचं कशाला, नुसतं नाचणाऱ्यांना विचारू, ऑफिसात काय सांगून आलात. प्रश्न चांगला आहे, मान्य करावं लागेल. पिशवी आणलीये.