इंदूर ते बीकेसी : लेकीच्या एफ-१ (विद्यार्थी) व्हिसाची मुंबईवारी

आमच्या रामबागेतल्या जुन्या मंडळींच्या डोक्यात अमेरिकन कॉन्सुलेट म्हणजे अजून ब्रीच कँडीच. ते २०११ मध्येच बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात हललं. तेव्हा अवंतिका एक्स्प्रेसने निघालात तर मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊ नका. पहाटे बोरिवलीला उतरायचं, लोकलने वांद्रे गाठायचं आणि पूर्वेकडून रिक्षा करायची.

अपॉइंटमेंट दोन असतात. आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग मुलाखत. दोन्ही वेगळ्या इमारतींत आणि सहसा वेगळ्या दिवशी, म्हणून मुंबईत मुक्काम धरूनच चला. पार्ल्याला कुणी नातेवाईक असेल तर उत्तम. बीकेसीतली हॉटेलं आपल्या खिशासाठी नाहीत.

पैशांचं म्हणाल तर व्हिसाची फी १८५ डॉलर आणि सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकन सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सेव्हिसची फी मुलाखतीच्या आधी भरलेली लागते. आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाकडून व्हिसासाठी येणाऱ्या प्रवेशाच्या कागदावर, मुलाची सही झाली आहे ना, ते घरूनच बघून निघा. फोटोत चष्मा चालत नाही.

खरी पंचाईत मोबाइलची. आत नेता येत नाही आणि ठेवायला तिथे लॉकरही नाही. सोबत आलेल्या आईबापांचं तिथलं काम एवढंच, फोन सांभाळणं! आपल्याला आत प्रवेश नाही. माझ्या शेजारी उभे असलेले नागपूरचे एक काका चार मुलांचे फोन रुमालात बांधून उभे होते, त्यातला एक सारखा वाजत होता. एकट्या मुलाने फोन मुक्कामीच ठेवावा आणि परतीचा पत्ता कागदावर लिहून घ्यावा.

इंदूरच्या पलासियातल्या एका एजंटाने लेकीकडून प्रश्नोत्तरं घोकून घेतली होती. ‘युवर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी’ वगैरे. तिने ती गाडीतच सोडून दिली, बरं केलं. खिडकीवर विचारलं काय, तर हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, बाबा काय करतात. तिने आमच्या सियागंजातल्या दुकानाचं सरळ सांगितलं. मी फायलीत सातबाऱ्यापासून सगळं लावून दिलं होतं, पण अधिकाऱ्याने पासपोर्ट आणि आय-२० सोडून काही मागितलं नाही. तरी बँकेचे आणि कर्जमंजुरीचे कागद न्याच, कुणाला मागतील सांगता येत नाही. आकडे मात्र मुलाला तोंडी माहीत हवेत. बापाचं उत्पन्न विचारल्यावर पोरगा फाइल चाळायला लागला तर कसं दिसेल?

डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती लिहावी लागतात. जून २०२५ पासून ती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायलाही सांगतात. एखादं जुनं खातं विसरू नका.

मंजुरी मिळाली तरी पासपोर्ट लगेच हातात येत नाही. पैसे भरून घरपोच मागवता येतो, नाहीतर पुन्हा अवंतिका. आणि विमानाचं तिकीट काढताना आय-२० वरची सुरुवातीची तारीख बघा, तिच्या ३० दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत घेत नाहीत.