गिधाडांची जागा कोणी घेतली?

पुण्याच्या वेताळ टेकडीवरून आज आकाशात घिरट्या घालताना दिसतात त्या घारी. गिधाडे दिसत नाहीत, आणि याचे कारण केवळ निसर्गात शोधून सापडणारे नाही. गिधाडांची एकेकाळची विपुलताच मुळात आपल्या समाजरचनेवर पोसलेली होती. आपल्याकडे गाईबैल घरोघरी असत आणि मेलेले ढोर कातडे सोलून गावाबाहेर उघड्यावर टाकले जाई. ते ओढून नेण्याचे काम जातिव्यवस्थेने महारांवर लादले होते; १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते काम आणि मृत जनावराचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले. पर्यावरणावरच्या लेखनात ही बाजू सहसा गाळली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढे लंगडणाऱ्या बैलाला किंवा कासदाह (कासेची सूज) झालेल्या गाईला डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध टोचले जाऊ लागले. जनावराला आराम पडे. पण उपचारानंतर लवकरच ते मेले, तर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. अशा गिधाडाचे शवविच्छेदन केले, की यकृतावर आणि हृदयाच्या आवरणावर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर दिसतो. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारी जेमतेम एक उरले. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे, पण जी मादी वर्षाला एकच अंडे घालते त्या पक्ष्याची संख्या सावरायला पिढ्या जाव्या लागतात.

रिकामी झालेली जागा मुख्यतः भटक्या कुत्र्यांनी घेतली. गिधाडांचा थवा काही तासांत हाडे उघडी पाडत असे. कुत्री मात्र तेच मढे दिवसचे दिवस ओरबाडत राहतात, आणि त्यांच्यामार्फत रेबीजही पसरतो. शिवाय कुत्र्याचे पोट केवळ मढ्यावर अवलंबून नाही: शहराच्या कडेला साचणारे कचऱ्याचे ढीग, खाटकांचे टाकाऊ मांस आणि माणसांनी मायेने टाकलेली पोळी यांवर त्याची संख्या टिकून राहते आणि मग तो माळरानावरही पोहोचतो. पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून दिसून आले आहे. त्यामुळे लांडग्याच्या संरक्षणाचा आराखडा करताना वनविभागाने शहराच्या आणि गावांच्या कचऱ्याची व्यवस्थाही त्यात धरायला हवी, असे माझे ठाम मत आहे.