गालिच्याचं दुकान

चिपळुणात गालिच्याचं दुकान कुठे, असं विचारलं की लोक आधी तुमच्याकडे नीट बघून घेतात आणि मग टाइल्सच्या दुकानाचा पत्ता देतात. बरोबरच आहे म्हणा. पावसाळ्यात जिथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे गालिचा घालणार कोण?

शेवटी एका रिक्षावाल्याने बाजारपेठेतल्या गल्लीत नेऊन सोडलं. दुकानात खाली काहीच नाही, सगळे रोल माळ्यावर. २०२१च्या जुलैत वाशिष्ठी नदी बाजारात शिरली, तेव्हापासूनची ही शिस्त. पोऱ्या शिडीवर चढला तसा मी चपला काढून खालची फरशी पायाने चाचपली. ही माझी जुनी खोड. शहाबादी फरशी दिसली की त्या घरातली माणसं मला उगाचच चांगली वाटतात. दुपारी जेवून उघड्या पाठीने तिच्यावर पडावं, बस्स. मोरबीहून आलेल्या त्या दोन बाय दोनच्या चकचकीत फरशीवर पडून काय आपलंच तोंड बघायचं?

आमच्या घरी तेव्हा शेणाची जमीन. काल्यात घालायला टॉर्चचे संपलेले सेल दगडाने फोडून आतली काळी पूड काढायची, हे काम आम्हा पोरांचं. आई आतल्या भिंतीपासून सारवत उलटी उलटी दाराकडे यायची आणि तिच्या हाताचे अर्धगोल एकाला एक लागून उमटत जायचे. ओलं असेतो पाय टाकायचा नाही, अशी तंबी असे. पण कोंबडीला कोण सांगणार? तिची तीन बोटं मग पुढच्या सारवणापर्यंत ओटीवर.

"घरात घालायचंय की ऑफिसात, काका?"

"घरात. आईसाठी."

"मग गालिचा नकोच. पहिल्याच पावसात कुबट वास मारेल. खालून रबर असलेली पट्टी देतो."

भावाने हौसेने अख्ख्या घराला ती चकचकीत फरशी बसवली, तेव्हापासून आई भिंतीला धरून चालते. शेणाच्या जमिनीवर ती कधी घसरल्याचं मला आठवत नाही.

पलंगापासून न्हाणीघरापर्यंतचं माप मी घेऊनच गेलो होतो. त्याने ब्लेडने पट्टी सरळ कापली, गुंडाळली आणि सुतळी बांधता बांधता म्हणाला, "कडा मात्र चिकटवून घ्या हां. नाहीतर त्यालाच अडकून पडतील."

चिकटवायच्या सोल्यूशनचे पैसे वेगळे.