तुम्ही विचारलंत म्हणून: दाबच मोजायचा, मग इतकी वर्षं का?

चवथीला फोंड्याच्या घरी सगळी जमली की काका विचारतात, आणि हल्ली ओळखीचेही विचारतात: "हाताला पट्टा बांधला की मिनिटभरात बीपी कळतं. तेच यंत्र आत बसवायला तुम्हा लोकांना इतकी वर्षं कशाला लागतात गो?" शरीरात बसवायचे दाबाचे सेन्सर बनवणाऱ्या एका लहान गटात मी काम करते. माझं उत्तर असं: दाब मोजणं जमतं हो, त्याचं शून्य, म्हणजे आकडा जिथून मोजायचा ती पायरी, जागेवर राखणं जमत नाही.

मुळात पट्टा सांगतो तो दंडातल्या धमनीचा दाब. डोळ्यातला, कवटीतला किंवा फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतला दाब त्याला कळत नाही. हृदय थकलेल्या माणसाचे पाय सुजण्याच्या, त्याला धाप लागण्याच्या कितीतरी दिवस आधी फुप्फुसाच्या धमनीतला दाब चढायला लागतो. तो रोज घरबसल्या कळला तर डॉक्टर लघवीच्या गोळ्यांचा डोस वेळीच बदलू शकतात. अमेरिकेत ५५० रुग्णांवर झालेल्या 'चॅम्पियन' चाचणीत अशा सेन्सरमुळे हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट व्हावं लागण्याचं प्रमाण सहा महिन्यांत २८ टक्क्यांनी कमी झालं. कार्डिओमेम्स हा तो सेन्सर. २०१४ मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली.

बॅटरी संपली की पुन्हा कापायचं काय, असंही विचारतात. त्यात बॅटरीच नसते. जेमतेम दीड सेंटीमीटर लांबीच्या सिलिकाच्या तुकड्यात एक कॉइल (तारेचं वेटोळं) आणि एक कपॅसिटर (मधे फट ठेवून समोरासमोर बसवलेल्या, वीज साठवणाऱ्या दोन पट्ट्या). दाब वाढला की कपॅसिटरची पातळ भिंत किंचित वाकते आणि ती जोडी ज्या रेडिओ-वारंवारतेला घुमते ती बदलते. रुग्ण अँटेना बसवलेल्या उशीवर पाठ टेकतो. तीच अँटेना ऊर्जा देते आणि तीच उत्तर ऐकते. कल्पना काही नवी नाही. डोळ्यात बसवायचा असा बिनबॅटरीचा सेन्सर कार्टर कॉलिन्स यांनी १९६७ मध्येच मांडला होता.

आता शून्याचं. आतली पोकळी सीलबंद असल्यामुळे सेन्सर हवेचा दाबही धरूनच मोजतो. डॉक्टरांना मात्र हवा असतो हवेपेक्षा जास्तीचा तेवढा दाब. डोळ्यात तो साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा. आणि पणजीहून चोर्ला घाट चढून बेळगावला गेलात तर हवेचा दाबच साठाच्या वर मिलिमीटर उतरतो! पणजीत शून्य लावलेला सेन्सर बेळगावात डोळ्याचा दाब उणे पन्नास वगैरे दाखवील. इतकं लांब कशाला, तीन-चार मजले चढलात तरी एक मिलिमीटरचा फरक पडतो. हे निस्तरणं त्यातल्या त्यात सोपं. बाहेरच्या यंत्रात हवेचा दाब मोजणारा दुसरा सेन्सर ठेवायचा आणि वजाबाकी करायची.

खरी डोकेदुखी पाणी. शरीर म्हणजे ३७ अंशांचं खारं पाणी. सिलिकॉन रबर पाणी अडवतं, वाफ अडवत नाही. पॅरिलीन या प्लॅस्टिकचा पातळ थर तिला उशीर लावतो, एवढंच. आणि पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (फटीत तो पदार्थ भरला की कपॅसिटरची वीज साठवायची क्षमता किती पट होते तो आकडा) हवेच्या जवळजवळ ऐंशीपट, त्यामुळे कपॅसिटरमध्ये नुसता दमटपणा शिरला तरी दाब वाढल्यासारखं दिसतं. आमच्या ओव्हनमध्ये खाऱ्या पाण्याच्या बाटल्यांत नमुने बुडवलेले असतात, ६७ अंशांवर. दर दहा अंशांना वेग दुप्पट धरला तर तिथला एक महिना म्हणजे शरीरातले आठ. हा ढोबळ नियम, सगळ्याच बिघाडांना लागू पडत नाही. पण आठ महिने थांबायला कोणाला वेळ आहे? बाटलीतला दाब तसाच असतो आणि स्क्रीनवरची रेघ रोज केसभर वर सरकते. पहिल्या आठवड्यात ते लक्षातही येत नाही.

समुद्राची पातळी पाण्याखालच्या दाबावरून मोजणाऱ्यांचीही हीच रड. पण शेवाळ धरलेला सेन्सर ते वर काढून, खरवडून, पुन्हा तपासून सोडतात. आमच्या सेन्सरवर शरीर स्वतःची पेशींची साय चढवतं आणि ती खरवडायला कोणी आत जाऊ शकत नाही. फुप्फुसाच्या धमनीतल्या सेन्सरचा आकडा संशयास्पद वाटला तर पुन्हा कॅथेटर घालायचा, म्हणजे जे टाळायचं होतं तेच करायचं. डोळा त्या मानाने बरा. बाहेरून टोनोमीटर लावून ताडून बघता येतं. कवटीचं तसं नाही, म्हणून तिथे सगळेच जपून पावलं टाकतात.

सध्या आमच्यात वाद चालू आहे. काहींचं म्हणणं, शेजारी दुसरा कपॅसिटर ठेवू, त्याची भिंत जाड ठेवू म्हणजे त्याला दाब कळणार नाही; पाणी दोघांत सारखंच शिरेल आणि वजा होईल. मला ते पटत नाही. सारखंच शिरेल कशावरून? मी सेन्सर काचेत बंद करण्याच्या बाजूने आहे. काच महाग, वाकत नाही, डोळ्यासारख्या नाजूक जागी जाड होते, सगळं मान्य. पण तिच्यातून वाफ जात नाही. दोन्ही प्रकारचे नमुने एकाच ओव्हनमध्ये ठेवलेत.